मापावरची मूठ

आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत सिमेंटचे क्यूब दाबून फोडायचं एक मशीन होतं. त्याचा काटा मनात आलं की मध्येच अडकायचा. मग भाऊ काचेवर बोटानं दोनदा टकटक करायचे आणि काटा पुढे सरकायचा. मी म्हणायचे, अहो, हे शास्त्र आहे, टकटक करून चालत नसते. ते म्हणायचे, चालून तर राहिलं ना, मॅडम. मशीन तपासायला कोणाला तरी बोलवा म्हणून मी अर्ज करायचे, ऑफिसातून तो 'विषय स्पष्ट करावा' असा शेरा घेऊन परत यायचा, आणि पुन्हा आमची टकटक सुरू.

भाऊ म्हणजे आमचे लॅब अटेंडंट. भंडाऱ्याजवळच्या शहापूरचे. कॉलेजात लागायच्या आधी अर्धं आयुष्य गवंडीकाम केलेले. माल किती ओला, किती कोरडा, हे त्यांच्या हाताला न बघता कळायचं. वयानं माझ्याहून चांगले पंधरा-सोळा वर्षांनी मोठे, त्यामुळे रागावतानाही मला अहो-जाहोच करावं लागायचं, आणि अहो-जाहोत राग धड निघत नाही.

मी मूळची सिहोऱ्याची. आजोबांनी छप्पनच्या वर्षी दीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्या घरात शिकायला नाही म्हणायची कोणाची हिंमत नव्हती. बाबा शाळामास्तर. मी इंजिनियर झाले, शिकवायला लागले, तरी त्यांचं समाधान नाही. नावाआधी डॉक्टर कधी लागते, हे ते दर सणाला विचारायचे. त्यांना वाटायचं मी आळस करून राहिले. आता त्यांना काय सांगू, की ज्या वस्तूवर मी संशोधन करते ती वस्तू देणारा मिलवाला मला आठ आठ दिवस गेटवर उभं ठेवतो?

ती वस्तू म्हणजे राखड. भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला आणि बऱ्याच राईस मिल त्या जिल्ह्यात गेल्या, तरी तुमसरकडे काही कमी उरल्या नाहीत. उसना, म्हणजे उकडा तांदूळ करायचा तर बॉयलर लागतो, बॉयलरमध्ये धानाचा भुसा जळतो, आणि मिलच्या मागे राखडीचे डोंगर उभे राहतात. वारा सुटला की ती वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. माझा विषय असा की ही राखड बारीक चाळून काँक्रीटमध्ये टाकायची, आणि जेवढी टाकली तेवढं सिमेंट कमी करायचं. दहावा हिस्सा कमी करून पाहायचं, मग पाचवा. चौकोनी साच्यात त्याचे क्यूब पाडायचे, अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवायचे, काही नव्वद दिवस ठेवायचे, आणि मग मशीनखाली दाबून बघायचं की फुटेपर्यंत किती भार घेतात. पाचव्या हिश्शाचा क्यूब साध्या क्यूबइतका भार घेऊ शकला, तर गरिबाच्या घराचं सिमेंट वाचणार होतं. माझं थेसिस एवढ्या एका गोष्टीवर उभं होतं.

थेसिसवर माझी नोकरी उभी होती, हेही सांगून टाकते. खासगी कॉलेज. दरवर्षी नेमणुकीची नवी ऑर्डर. प्राचार्यांनी पत्रच दिलं होतं की चालू सत्र संपेपर्यंत थेसिस विद्यापीठात जमा झालं नाही, तर पुढच्या वर्षाची ऑर्डर निघणार नाही. विद्यापीठानंही मुदत वाढवून दिली होती ती शेवटची, मार्चअखेरपर्यंत. ते पत्र मी पर्समध्ये ठेवायचे आणि कोणाला दाखवायचे नाही. दाखवून काय, लोक हळहळतात आणि चहा पितात.

क्यूबची पहिली खेप नापास झाली होती या पत्राच्या दोन वर्षं आधी. राखडीचे सगळे क्यूब बिस्किटासारखे फुटले. मी स्टुलावर बसून चक्क रडले. भाऊ फडका घेऊन मशीन पुसत उभे होते. मग मी आणखी बारीक चाळणी आणली, राखड दोनदा चाळायला लावली, आणि दुसऱ्या खेपेपासून जे क्यूब यायला लागले, काय सांगू! पाचव्या हिश्शाचा क्यूबसुद्धा साध्याच्या बरोबरीनं उभा. मी चाळणीच्या बारीकपणावर अख्खं एक प्रकरण लिहिलं. नागपूरच्या माझ्या गाईड सरांनी ते वाचून पहिल्यांदा फोनवर शाबास म्हटलं. त्यावर आमचा पेपरही छापून आला. कॉलेजच्या बोर्डावर लागला, दोन दिवस टिकला, मग त्यावर बसपासची सूचना चिकटवली गेली.

काम कसं चालायचं तेही सांगते, कारण घोळ तिथंच आहे. सकाळी मी सिमेंट, राखड, वैनगंगेची रेती, गिट्टी, पाणी सगळं स्वतः काट्यावर मोजून वेगवेगळ्या घमेल्यांत ठेवायचे. तेवढ्यात बेल व्हायची. दुसरा तास माझा. वर्गावर उशीर झाला की प्राचार्य व्हरांड्यात घड्याळ बघत उभे. मग मी भाऊंना म्हणायचे, तुम्ही माल कालवा, साचे भरा, मी आलेच. परत यायचे तोवर साचे भरून, वरून थापीनं गुळगुळीत करून ठेवलेले. मी वहीत लिहायचे, 'मिश्रण माझ्या समक्ष केले', आणि खाली सही ठोकायचे. दोन वर्षं अशा सह्या केल्या. मोजलेलं मी होतं, कालवण्यात काय एवढं, असं मला वाटायचं.

दिवाळी झाली आणि भाऊंनी लांब सुट्टी टाकली. घर बांधायला काढलं होतं. मी म्हटलं, आत्ताच? माझी शेवटची खेप राहिली आहे. गाईड सरांना पडताळणीसाठी एक खेप नव्यानं हवी होती. भाऊ म्हणाले, मॅडम, धान निघालं की हातात वेळ असते, मग उन्हाळ्यात पाणी नसते, आत्ता नाही त कधी? खरंच होतं. मी चरफडत सही केली.

मग मी दोन विद्यार्थी हाताशी धरले आणि स्वतः माल कालवला. सातव्या दिवशी अंदाजासाठी पाचव्या हिश्शाचे तीन क्यूब फोडले. फुटले की हो! काटा निम्म्यावर गेला आणि क्यूबच्या बाजूंनी पोपडे सुटले. टकटक करून पाहिलं. काटा अडकलेला नव्हता. मी आधी विद्यार्थ्यांना झाडलं, यांना धड ठोकता येत नाही म्हणून. पुन्हा खेप टाकली, स्वतः ठोकली, हाताला फोड आले. पुन्हा तेच. मग मी रेतीला शिव्या घातल्या. मग मिलवाल्याकडे गेले. म्हटलं, तुमची राखड काळी येऊन राहिली, भुसा अर्धवट जाळता काय? तो म्हणाला, मॅडम, आम्ही तांदूळ विकतो, राखड नाही. सिमेंटची नवी गोणी आणली. नवी चाळणी आणली. पाणी विहिरीचं नको म्हणून पिण्याचं वापरलं. साधे क्यूब मात्र दर वेळी ठणठणीत, हे सगळ्यात जिव्हारी लागायचं. म्हणजे रेती बरी, मशीन बरं, हात बरे, फक्त राखड आली की सगळं ढेपाळायचं. डिसेंबर अर्धा संपला होता. मला झोप लागेना, घरात सगळ्यांवर खेकसायला लागले. शेवटी मनाशी म्हटलं, जाऊ दे शास्त्र, त्या माणसाच्या हातालाच यश आहे. त्यांनाच चार दिवस बोलवून आणते.

एका रविवारी स्कूटीवर निघाले. रिकाम्या हातानं कशी जाऊ, म्हणून पायाजवळ एक पोतं ठेवलं. दोनदा चाळलेली, निवडक राखड. मला वाटलं, घर बांधून राहिलेत, तेवढंच सिमेंट वाचेल. मला स्वतःचंच कौतुक वाटत होतं.

शहापूरला भाऊंच्या घराचं जोतं झालं होतं आणि कॉलम उभे करणं चालू होतं. भाऊ स्वतःच माल कालवत होते. मला पाहून फावडं टेकवून हसले, वहिनींनी खाट टाकली, चहा ठेवला. मी पोतं दाखवलं आणि हिशेबच मांडला की कॉलमात नको टाकू म्हणत असाल तर फरशीखाली टाका, पायऱ्यांना टाका, पाचवा हिस्सा सिमेंट वाचते. भाऊ हो हो करत होते. मग त्यांनी पोतं उचललं, आणि नेऊन मोरीजवळ ठेवलं. वहिनी खूश झाल्या. म्हणाल्या, बाई, बारीक हाय, भांडे चकचक निघतीन.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन वर्षं झाली या राखडीवर मी जीव काढून राहिले, आणि माझ्याच प्रयोगशाळेतला माणूस ती भांडे घासायला देतो? मी चहाचा कप खाली ठेवला आणि सरळ विचारलं की तुमच्या हातानं क्यूब पाडले, तुमच्याच हातानं फोडले, काटा तुम्हीच मला वाचून सांगत होता. एवढं बघून तुमच्या घरात टाकायला काय होते?

भाऊंनी गमछ्यानं तोंड पुसलं. "मॅडम, घर हाय ना. लेकराइच्या डोक्यावर येते."

"पण क्यूब टिकले ना, भाऊ. तुमच्या डोळ्यांदेखत टिकले."

"क्यूब टिकले. पण त्याच्यात मी एक डबा सिमेंट जास्तीचं टाकत होतो ना."

ते इतकं साधेपणानं म्हणाले की मला आधी कळलंच नाही. मी विचारलं, कोणत्या क्यूबमध्ये? सगळ्याच, ते म्हणाले. राखडीच्या सगळ्या. साध्या मालाले कायले टाकू, तो त तसाच मजबूत असते.

मी विचारलं, "काहून?"

"तुम्ही त्या दिवशी रडून राहिल्या होत्या. मले वाटलं, मॅडम नापास होतीन. आपल्या माणसाले धान मोजून देतो, त मापावर एक मूठ टाकतो का नाही? तसंच टाकलं. तुम्ही जेवढं काढत होत्या, त्यातलं थोडंसं वापस टाकलं."

हे खरं आहे. आमच्याकडे पायलीनं धान मोजून देताना घरच्या माणसाच्या मापावर वरून मूठभर टाकतातच. माझी आई टाकायची. न टाकणारा चिकट म्हणून नावाजला जातो. पण अरे देवा, काँक्रीटच्या क्यूबवर? मी त्या खाटेवर बसून ओरडले. इतकं ओरडले की शेजारच्या बांधावरून दोन बाया बघायला लागल्या. मी म्हटलं, दोन वर्षांचे आकडे खोटे झाले, छापलेला पेपर खोटा झाला, चाळणीचं प्रकरण खोटं झालं. भाऊंचा चेहरा उतरला, पण त्यांना नेमकं काय बिघडलं ते समजत नव्हतं. क्यूब तर पास झाले होते. वहिनी मध्येच म्हणाल्या, चहा थंडा होऊन राहिला. मी तो चहा न पिताच निघाले, याची लाज अजून वाटते.

रस्त्यानं येताना मी भाऊंना मनातल्या मनात जितकं बोलले, तितकं कोणाला बोललेले नाही. पण भंडाऱ्यात शिरेपर्यंत राग फिरून माझ्यावरच आला. वहीत सही कोणाची होती? 'माझ्या समक्ष' कोणी लिहिलं होतं? मी समक्ष असते तर त्या माणसाची डबा उचलायची छाती झाली असती का?

रात्र कशीबशी काढून सकाळी गाईड सरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. सर हसले. म्हणाले, हे तुम्हाला कळलं आणि मला कळलं, तिसऱ्याला कळायचं कारण नाही. आकडे थोडे वर आहेत, पण दिशा तर बरोबर आहे ना? जमा करा. नव्यानं सगळ्या खेपा टाकाल तर नव्वद दिवसांचे क्यूब कधी फुटतील, मोजा तुम्हीच. मी मोजलं. एप्रिल निघत होता. मुदत मार्चची.

खोटं सांगणार नाही, तीन दिवस मी गप्प बसले आणि जुन्याच आकड्यांवर शेवटचं प्रकरण लिहीत राहिले. छान लिहून होत होतं. तिसऱ्या दिवशी एका वाक्यापाशी आले, की ग्रामीण भागातल्या घरबांधणीत पाचव्या हिश्शापर्यंत सिमेंट वाचवता येईल. आणि मला भाऊंचे ते उभे राहिलेले कॉलम दिसले. उद्या कोणी हे वाचून आपल्या लेकराइच्या डोक्यावरचा स्लॅब घालणार, आणि त्याच्याकडे वरून डबाभर टाकणारे भाऊ नसणार. मी लिहिलेलं सगळं पुसून टाकलं आणि कितीतरी वेळ स्वतःलाच शिव्या देत बसले. इतकं सरळ वागायची मला हौस नव्हती. पण त्या वाक्याखाली नाव माझं जाणार होतं.

जानेवारीत भाऊ कामावर आले आणि आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. सगळा माल मी कालवला. भाऊंना मी सांगितलं होतं की हात मागे बांधून भिंतीजवळ उभे राहा आणि सिमेंटच्या गोणीकडे बघूसुद्धा नका. ते खरंच तसे उभे राहायचे. मी फावडं चुकीचं धरलं की त्यांच्या तोंडून चक् असा आवाज यायचा, आणि मी डोळे वटारायचे. दुसरा तास बुडायला लागला. प्राचार्यांनी दोन मेमो दिले. मी तेही पर्समध्ये ठेवले, पत्राच्या शेजारी. ज्यांनी आमचा पेपर छापला होता त्यांना लिहून कळवलं की आकडे मागे घ्या. त्यावर गाईड सरांनी महिनाभर माझा फोन उचलला नाही, कारण पेपरवर त्यांचंही नाव होतं.

क्यूब फुटले तेव्हा जे निघालं ते निघालं. दहावा हिस्सा राखड टिकली, चांगली टिकली. पाचवा हिस्सा पडला. नव्वद दिवसांनीही पडला. दोन वर्षं ज्या ओळीसाठी घालवली ती ओळ गेली, आणि तिच्या जागी अर्धीमुर्धी ओळ आली. मार्च तोवर कधीच संपला होता. विद्यापीठात आता नव्यानं नोंदणी करावी लागणार होती, आणि कॉलेजातून जे यायचं होतं ते एप्रिलच्या शेवटी आलं.

त्याच आठवड्यात मी प्रयोगशाळेत बसून थेसिसच्या पहिल्या प्रकरणाआधीचं एक पान लिहीत होते. पहिले सगळे निकाल का रद्द केले ते त्यात होतं. गाईड सर म्हणत होते, पान काढून टाका, हसतील लोक. मी ठेवलं. भाऊ साचे तेल लावून रचून ठेवत होते. त्यांनी विचारलं काय लिहून राहिल्या, तर मी वाचून दाखवलं. 'सुरुवातीच्या खेपांमध्ये संशोधकाच्या गैरहजेरीत ठरलेल्या प्रमाणापेक्षा जास्त सिमेंट मिसळले गेले. मिश्रण समक्ष केल्याची नोंद चुकीची होती. याची सर्व जबाबदारी संशोधकाची आहे.'

भाऊ ऐकत उभे राहिले. हातातला साचा त्यांनी खाली ठेवला. त्यांना राग आला होता, आणि तो मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाहत होते.

"माहं नाव काहून नाही टाकलं? टाकलं त मी होतं."

"नाव टाकलं असतं तर तुमची नोकरी गेली असती, भाऊ. घराला अजून स्लॅब पडायचा आहे तुमच्या."

त्यांनी विचारलं, "अन् तुमची?"

त्यांना वाटत होतं की ही एक परीक्षा आहे, नापास झालं तर माणूस पुन्हा बसतो. पत्राबद्दल मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. मी म्हटलं, शनिवारी माझा शेवटचा दिवस आहे.

त्यांनी खाली ठेवलेला साचा पुन्हा हातात घेतला. मग म्हणाले, "हे मले अगोदर सांगाले पाहिजे होतं ना, मॅडम. न सांगता असं करत असते का कोणी?"

मला एवढा राग आला, एवढा राग आला, की मी टेबलावरची वही उचलली. फेकून मारायची इच्छा होती. मग त्यांच्याकडे पाहिलं. ते साच्याच्या कडेचं तेल अंगठ्यानं पुसून पुसून काढत होते, आणि डोळे भरले होते. मी वही खाली ठेवली आणि म्हटलं, हो भाऊ, सांगायला पाहिजे होतं.